दोधूने जोडलेलं नाव

लोणखेड्यात हार्डवेअरच्या दुकानामागे एक बोळ आहे. त्या बोळात भांडणंसुद्धा दबक्या आवाजात होतात. बोळाच्या टोकाला दोधूची खोली आहे, खोलीच्या दारावर लाल बल्ब आहे, आणि तो बल्ब लागला की आत कुणीतरी गातं आहे असं समजायचं. मग समोरची बाई मसाला कुटायची थांबते, पोरं सायकलची घंटी मुठीत धरतात, नवरा-बायको पुढचं भांडण खुणांनी करतात. ऐकत नाही ती फक्त शेजारच्या गोठ्यातली म्हैस. दोधूने तिला चारा घालून पाहिला, तिची दावण बदलून पाहिली, एकदा हातही जोडले. शेवटी तिच्या हंबरण्याच्या वेळा पाठ केल्या आणि गायकांना त्या हिशोबाने बोलवायला लागला.

उसाच्या हंगामात वेगळीच अडचण. ट्रॅक्टरवाले मोठे स्पीकर लावून कारखान्याकडे निघतात, आणि स्पीकरवर गाणं बहुतेक दोधूच्याच खोलीतलं असतं. आपलंच जुनं गाणं रस्त्याने चाललंय म्हणून नवं थांबवून ठेवायचं, हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. दोधू तेव्हा कपाळाला आठ्या घालून बसतो. पाय मात्र ठेका धरतो.

'जय कानबाई रेकॉर्डिंग' ही पाटी लागण्याआधी दोधू शहाद्याच्या स्टँडजवळ मोबाइलमध्ये गाणी भरून द्यायचा. त्याच्याही आधी सुरतेला होता, एका ऑर्केस्ट्रात तारा गुंडाळायला. तारा गुंडाळता गुंडाळता कुठली तार कुठे जाते हे त्याला उमगत गेलं. साउंडचं सगळं शास्त्र एवढंच आहे असं तो आजही म्हणतो. कुठून निघालं आणि कुठे पोचलं, एवढं सांभाळलं की झालं.

आता तारा कमी झाल्या. भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे, मधे एक माइक, कोपऱ्यात लॅपटॉप. सगळ्या वाटा त्या संगणकाच्या आत. कुणी विचारलंच तर दोधू ठिबकच्या भाषेत सांगतो, कारण विचारणाऱ्याच्या शेतात ठिबक असतंच. एकेका आवाजाची एकेक नळी. सगळ्या नळ्या पुढे एका मोठ्या पाइपाला मिळतात. त्या पाइपातून गाणं बाहेर पडतं, आणि वाटेत जागोजागी गाळण्या बसवलेल्या असतात. एक गाळणी खरखर काढते, एक आवाज थोडा घुमवते, आणि एक सूर सरळ करते. गाणारा सुरापासून जरा सरकला, की ही शेवटची त्याला हलकेच ओढून जागेवर बसवते. कंपनीने तिला भलं मोठं नाव दिलंय. दोधू तिला ओळंबा म्हणतो. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसा हा आवाजाला लावायचा.

दोधूचा धंदा नावाच्या गाण्यांवर चालतो. खानदेशात आता हळदीला नुसतं गाणं चालत नाही, गाण्यात घरची नावं लागतात. नवरदेव कुणाचा, मामा कुठला, अंगण कोणाचं. चाल तीच, ढोल तोच, नावं तेवढी दर लग्नाला नवी. लग्नसराईत दोधू गाण्यात नावं अशी बसवतो जशा कासार हातात बांगड्या भरतो. आणि ही सगळी नावं एकाच गळ्यातून येतात. रनाळ्याच्या शोभाबाईच्या.

शोभाबाई मिरची वाळवायच्या पथारीवर काम करते. दिवसभर लाल मिरचीत बसून संध्याकाळी खोकत घरी येते. माइकपुढे उभी राहिली की तोच गळा असा मोकळा होतो की दोधूला आवाजाचा काटा खाली ओढावा लागतो. शहाद्यापासून नवापूरपर्यंत किती नवरदेव या बाईने हळदीला बसवले असतील! त्यातल्या एकालाही तिने पाहिलेलं नाही.

तिला गाऊ दिलं ते तिच्या सासूने, दगूबाईने. अट एकच घातली. "गा. पन घरना माणूससनं नाव तोंडमा येवाले नको."

नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही, सासऱ्याचंही नाही. दगूबाईने स्वतः जन्मभर पाळलं होतं. शोभाबाईनेही पाळलं. नवऱ्याला ती 'सीमाना बाबा' म्हणते, सीमा ही तिची कॉलेजात जाणारी मुलगी. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर शोभाबाई सीमाला पुढे करते. नवऱ्याचं नाव दलपत. नावाच्या गाण्यात कुठे दलपत आलाच तर ती 'नवरदेवना काका', 'नवरीना मामा' असं नातं गाऊन निभावून न्यायची. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग कळसाडीचे नाना आले.

नानांचा ऊस मोठा, कापूस मोठा आणि आवाज त्याहून मोठा. पोराचं लग्न. शोभाबाईचं गाणं रेकॉर्ड होऊन गेलं होतं, पण नेमकी त्या दिवशी बस चुकल्यामुळे ती अजून खोलीतच बसली होती. नानांनी खुर्चीत बसून पूर्ण गाणं ऐकलं. नवरदेव अजित आला, मामा आला, कळसाडी गाव आलं. गाणं संपलं तरी नाना कान देऊन बसलेलेच.

"दोधू, मन्हं नाव कोठे गयं?"

"शे ना नाना. 'नवरदेवना बाप' म्हनेल शे."

"बाप ते गावमा सर्वासले शे! मांडव मन्हा, डीजे मन्हा, पोऱ्या मन्हा, आनि मीच गायब? जेवाले बलावं आनि ताट मांडं नही, असं व्हयनं हाई."

शोभाबाईने पदर सावरला. "नाना, राग नका धरू. तुमनं नाव मन्हा तोंडमा येत नही."

"काब्र? दलपतमा काटा शे का?"

"सीमाना बाबासनं बी तेच शे."

नानांचा आवाज एकदम खाली आला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "अस्सं. मन्ही बायको बी लेत नही. इतला वरीसमा एक दाव नही." मग म्हणाले, "म्हनीसनच ते सांगस ना, बाई! बाईमाणूसना तोंडवरी मन्हं नाव मी आयकंच नही. एक दाव डीजेवर तरी आयकू द्या!"

शोभाबाई हसली, पण मान हलवली ती नाहीच. पुढची बस धरायला निघून गेली. नाना जाताना दाराशी थबकले. "आवाज तिनाच पाहिजे, दोधू. आनि नाव मन्हंच पाहिजे."

"जा तुम्ही, नाना. नाव येई," दोधू म्हणाला. कसं येईल हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुपारी म्हैस चरायला गेली आणि दोधू जुनी गाणी उघडून बसला. एका गाण्यात शोभाबाईने 'दलसिंग' गायलं होतं, दुसऱ्या एकात 'गणपत'. दोधूने एकाचं पुढचं अर्धं घेतलं, दुसऱ्याचं मागचं अर्धं घेतलं आणि शेजारी शेजारी ठेवलं. दल आणि पत. दोन्ही तुकडे शोभाबाईचेच. त्यातला कुठलाही तिच्या नवऱ्याचा नाही.

पण 'दल' चालीच्या वरच्या टोकाला गायलेलं, आणि 'पत' ओळ संपताना खाली उतरलेलं. नाव म्हणजे पायरी चुकून पडलेला माणूस वाटायला लागला. सांधा दिसू नये म्हणून दोधूने एकाचं शेपूट दुसऱ्यावर थोडं चढवलं, दोन्ही नळ्या मोठ्या पाइपात सोडल्या आणि तिथे ओळंबा बसवला. वाजवून पाहिलं. दलपतच्या पोटात बोकड ओरडला.

दोधूने परत लावलं. परत बोकड. मोठा पाइप हीच चूक होती, आणि ती त्याला चहा पिताना समजली. ओळंब्याला एका वेळी एकच आवाज कळतो. सांध्यावर दोन आवाज एकदम आले, की कोणाला कुठे ओढायचं ते त्याला कळेना. दोन भिंतींना मिळून एक ओळंबा कसा लावणार? मग दोधूने प्रत्येक नळीवर वेगळा ओळंबा लावला. 'दल'ला खाली आणलं, 'पत'ला वर उचललं, दोघं एका सुरावर येऊन उभे राहिले. त्यानंतर दोन्ही नळ्या मोठ्या पाइपाला मिळाल्या, आणि पाइपावर फक्त थोडा घुमारा दिला.

या वेळी शोभाबाईच्या मोकळ्या गळ्यातून अख्खा दलपत बाहेर आला. सांधा शोधूनही सापडेना. दोधू खुर्चीतून उठला आणि खोलीत एकटाच एक चक्कर नाचला. बाईने नाव घेतलं नाही आणि नानांना नाव मिळालं. दोन्ही घरं राखली असं त्याला वाटलं. शोभाबाईला विचारावं हे काही त्याच्या मनात आलं नाही. गाणं त्याने नानांना पाठवून दिलं.

नानांना हळदीपर्यंत दम कुठला? त्यांनी गाणं लगेच स्टेटसला ठेवलं. लग्नसराईत स्टेटस तापी केव्हाच ओलांडतं. संध्याकाळच्या आत ते रनाळ्याला सीमाच्या मोबाइलवर पोचलं. आईचा आवाज म्हणून सीमाने कौतुकाने अंगणात मोठ्याने लावलं. अंगणात दगूबाई बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाबाईचा फोन आला.

"दोधू भाऊ, तू हाई काय करी ठेयं?"

"काय व्हयनं, ताई?"

"आत्याबाई बोलत नही. मी सांगं, मी नाव नही लिधं. त्या म्हनतस, मंग मन्हा कान खोटा शे का? आतेपाईन गाणं बंद म्हनतस." मग ती म्हणाली, "आनि माले बी समजत नही भाऊ. मी आयकं ते. मन्हाच आवाज शे. हाई मी कवय गायं?"

फोन ठेवल्यावर दोधू संगणकाकडे बघत राहिला. त्याच्या सगळ्या नळ्या एकाच विहिरीवर चालत होत्या हे खरं, पण त्या सकाळी त्याला धंदा आठवला नाही. शोभाबाई माइकपुढे खोकला विसरते ते आठवलं. त्याने लॅपटॉप गोधडीत गुंडाळला, मोटरसायकलला बांधला आणि प्रकाशाच्या पुलावरून रनाळ्याचा रस्ता धरला.

दगूबाई ओट्यावर मिरचीची देठं खुडत होती. शेजारी लाल ढीग. दोधू ओट्याला टेकतो न टेकतो तोच त्याला ठसका लागला.

"ये. बठ. पानी पे," दगूबाई म्हणाली. "मंग लबाडी कर."

"मोठमाय," दोधू डोळे पुसत म्हणाला, "शोभाताईनी नाव नही लिधं. मी बनाडं."

"आवाज कोना शे?"

"तिनाच."

"आनि तोंड?"

"तोंड… तोंड कोनंच नही, मोठमाय."

"तोंड नही आनि बोलस? भूत शे का?"

दारात उभ्या शोभाबाईने पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते दोधूला कळेना. त्याने खाटेवर लॅपटॉप उघडला. आधी अख्खा दलसिंग वाजवला, मग अख्खा गणपत. मग पडद्यावर दोघांचे तुकडे केले, दगूबाईच्या डोळ्यांदेखत एकापुढे एक ठेवले, ओळंबे लावले, आणि वाजवलं. दलपत.

दगूबाईची बोटं देठावर थांबली. "हाऊ गणपत कोन शे?"

"एक नवरदेवना काका शे. तिकडे डोंगरकडला."

"त्याले इचारं का, तुन्हं अर्धं नाव कापी लेस म्हनीसन?"

दोधूने लॅपटॉपचा आवाज उगाच बारीक केला.

"आनि इले इचारं का?" तिने हनुवटीने सुनेकडे दाखवलं.

"नही, मोठमाय. चुकनं मन्हं."

दगूबाई पुन्हा देठं खुडायला लागली. बऱ्याच मिरच्या टोपलीत पडल्या. मग तिने मान वर न करता विचारलं, "मन्हा आवाज बी असा कापता येई का?"

"येई ना."

"मंग सीमाना आबासनं नाव कर. मी लेस नही. तू कर."

दोधूने खिशातून छोटा माइक काढला आणि अडखळला. "आबासनं नाव काय?"

दगूबाईने शोभाबाईकडे पाहिलं. शोभाबाईने दगूबाईकडे. एकीचा नवरा, दुसरीचा सासरा. अंगणात दोन बाया आणि नाव कुणाच्याच तोंडून निघेना. शेवटी आतून सीमा ओरडली, "रेवजी! आबाचं नाव रेवजी! कधीची ऐकतेय!"

दोधूने माइक दगूबाईच्या लुगड्याला लावला. "मोठमाय, रेवडी म्हना."

"रेवडी? खावाडी ऱ्हायना का?"

"म्हना ते. आनि आते म्हना, जीव."

"जीव. मन्हा जीव खाई ऱ्हायना हाऊ."

रेवडीतून त्याने 'रेव' उचललं, जीवातून 'जी'. जोडलं. म्हातारीचा आवाज थरथरता म्हणून ओळंबा जरा जास्त ओढला, आणि वाजवलं. "रेव-जी." लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून ते नाव निघालं, ताठ आणि सरळ.

दगूबाईने कपाळाला हात लावला. "हाई काय! स्टँडना भोंगा साक्रीनी गाडी लागनी म्हनस, तसं वाटस!"

"मोठमाय, आवाज तुमनाच शे."

"मन्हा? असं कोन बलावस घरना माणूसले? जरा लांबाडना पडस. शेवटे हळू सोडना पडस, खांदावर हात ठेवतस तसं. आयक. रेवजीऽऽ…"

शोभाबाईचा हात चौकटीवर घट्ट झाला. सीमा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती, ती तिथेच राहिली. मिरची हातात तशीच धरून दगूबाई समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. आपण काय बोललो हे तिला सगळ्यांच्या मागून कळलं.

"गयं वं माय," ती हळूच म्हणाली. मग इकडेतिकडे पाहिलं. आभाळ जागच्या जागी होतं. लिंबाच्या झाडावर एक कावळा चोच घासत होता.

"सीमाना आबा व्हतात तवय 'आयकं का, आयकं का' म्हनीसन जल्म काढा," ती म्हणाली. "शेत इतलं दूर. बांधवरी बोंबलू, 'आयकं का!' तठला सात माणसे मान वर करेत." आणि ती हसायला लागली. हसता हसता पुन्हा म्हणाली, "रेवजी," या वेळी अगदी सहज, जणू ते मागच्या खोलीत आहेत आणि जेवायला बोलवायचं आहे.

दोधू लॅपटॉप मिटायला लागला.

"दोधू, ते मन्हं जोडेल पुसी टाक," दगूबाई म्हणाली. "आनि इनं बी पुसी टाक. माणूसनं नाव शे, फाटेल गोधडी नही तुकडा जोडाले." मग सुनेकडे वळली. "आनि तू काय उभी शेस? गावानं व्हई ते जाय. पन गाशी ते तोंडवरी गा. आख्खं गा. नही गावानं व्हई ते तोंडवर सांग त्या नानाले."

शोभाबाईने थोडा विचार केला. "गास, आत्याबाई," ती म्हणाली.

हळद जवळ आली होती. बसच्या भरवशावर राहायला नको म्हणून शोभाबाईचा नवराच तिला मोटरसायकलवर लोणखेड्याला घेऊन आला. दलपत अबोल माणूस. पथारीवर पोती उचलतो, विचारलं तेवढंच बोलतो. बायको कुठे गाते ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं. आत ये म्हटलं तर "नको, आठे बरं शे," म्हणून दाराबाहेर पायरीवर बसला. लाल बल्ब लागला. बोळ गप्प झाला.

शोभाबाईला जमेना. नाव जवळ आलं की हसू यायचं. एकदा 'दल'वर थांबली, एकदा नाव घेतलं पण इतकं हळू की फक्त माइकलाच कळलं असेल. एकदा सूर सोडून भलतीकडे गेली.

"भाऊ, सूर जाई ऱ्हायना."

"जाऊ दे ताई, तो मी देखस. ओळंबा शे ना. तू फक्त नाव ले."

"लाजना मारे जास सूर. सरळ करशी ना? कळसाडीले मन्ही लाज आयकाडू नको."

"करस."

दोधूने पुन्हा सुरू केलं. ढोल आला, अजित आला, मामा आला. मग शोभाबाईने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पूर्ण गळ्याने, जसं एवढ्या नवरदेवांना हळदीला बसवताना गायली होती तसं, अख्खं नाव घेतलं.

"दलपत!"

दाराला गादी होती, पण गादी ती गादीच. बाहेर पायरीवरून ताबडतोब आवाज आला, "काय वं?"

आत शोभाबाई खाली बसली. पोट धरून हसायला लागली. दोधूने रेकॉर्डिंग थांबवलं आणि दार उघडलं. दलपत पायरीवर उभा, कानापर्यंत लाल. "माले वाटनं मालेच बलावं."

"तुम्हलेच बलावं," आतून शोभाबाई म्हणाली.

तो टेक वाया गेला. पुढचा नीट झाला आणि जुन्याच्या जागी तोच नानांकडे गेला. पण वाया गेलेला तो टेक पुसण्याआधी दोधूने एकदा वाजवून पाहिला. शोभाबाईच्या नळीवर ओळंबा चालूच होता, आणि माइकने दारामागचा तो आवाजही पकडला होता. ओळंब्याने 'काय वं'लासुद्धा हलकेच उचलून बरोबर सुरात बसवलं होतं.